फरशीवाल्याचं उजवं पाऊल

सलग चार दिवस उकिडवं बसून त्यानं शाळेच्या लांबलचक व्हरांड्याला फरशी बसवली. पाचव्या दिवशी उठला, तर उजवं पाऊल लोंबत होतं. दुखणं नाही, सूज नाही. नुसतं वर उचलत नव्हतं. चालताना फटफट आपटायचं. जिना उतरताना चप्पल दोनदा गळून पडली.

ते पाहून थोरली बहीण मटकन पायरीवरच बसली. वडील लकव्यानं सहा वर्षं अंथरुणाला खिळले होते. सगळं तिनंच निस्तरलं होतं.

"ताई, काही नाही गं, मुंग्या आल्यात," तो म्हणाला. पण आतून तोही हादरला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचा चेहरा, हात, बोलणं सगळं तपासलं. पावलावरून कापूस फिरवला. त्याला कळलंच नाही. मग गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला हाडावर बोटानं ठोकलं, तशी झिणझिणी थेट पावलापर्यंत गेली. तो ओरडलाच.

"छान!" बाई म्हणाल्या.

"छान काय त्यात?" ताई उसळली.

"अहो, हा मेंदूचा लकवा नाही. पाऊल उचलणारी नस इथं हाडावरून, अगदी कातडीखालून जाते. उकिडवं बसून बसून ती दाबली गेलीय. मेंदूचा हुकूम निघतोय, पण पावलापर्यंत पोचत नाही. नस तुटलेली दिसत नाही. नसेला विजेचे हलके झटके देऊन तपासलं की नक्की कळेल. उकिडवं बसणं बंद, पावलाला आधाराचा पट्टा आणि रोज व्यायाम. वेळ लागेल, पण बहुतेक भरून येईल."

"मेल्या, जीव काढलास माझा," म्हणत ताईनं डोळे पुसले.

तपासणीतही तेच निघालं. मात्र पहिल्याच आठवड्यात पट्ट्यानं पावलावरची कातडी सोलली, तरी त्याला पत्ता नव्हता. तेव्हापासून ताई रोज सकाळी भाजी निवडावी तसं त्याचं पाऊल न्याहाळू लागली.

सहाव्या आठवड्यात असंच बघताना अंगठा किंचित वर आला.

"परत कर."

त्यानं परत केलं. कपाळावर घाम आला, पण अंगठा उचलला.

"हात लावलास का गं?"

"शप्पथ नाही!"

दोघंही वेड्यासारखी हसत सुटली.

त्या दुपारी ताई जरा आडवी झाली, ती अंधार पडल्यावरच उठली. कित्येक दिवसांनी तिला अशी झोप लागली होती. स्वयंपाक त्यानं करून ठेवला होता. भाजी करपली होती, पण ताईनं मागून दोनदा घेतली.