अंगठीवरची वाफ

अँटवर्पच्या हिरेबाजारात वाढलेल्या आम्हा पोरींना एक मेली खोड असते. हिरा दिसला की त्यावर तोंडाची वाफ सोडायची. खऱ्यावरची क्षणात उडते.

माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, गिटलकाकूंनी, दार लोटून दोन अंगठ्या पुढे ठेवल्या. एक नवीकोरी, दुसरी घराण्यातली, स्वतःच्या बोटातून काढलेली.

“निवड गं ब्लुमा, साखरपुड्याला कोणती घालतेस?”

नवी उचलली असती तर जन्मभर टोमणे खाल्ले असते. म्हणून जुनी घेतली आणि सवयीने वाफ सोडली.

वाफ उडेचना.

तीन पिढ्यांचे हिरेव्यापारी, आणि घरच्या सुनेच्या बोटात काच! वर पाहिलं, तर काकू माझ्याकडेच बघत होत्या.

बाहेरून सासरे ओरडले, “झालं का गं? म्हणू का ‘मझल’?” आमच्या बाजारात तो शब्द एकदा उच्चारला की सौदा मोडत नाही.

काकू माझ्या कानाशी वाकल्या. “मीही सोडली होती वाफ,” त्या पुटपुटल्या. “सासूसमोरच. मग हसून घातली.”

दाराची मूठ फिरली. माझ्याही नकळत मी हसले आणि बोट पुढे केलं.