दोन पाळ्यांची खाट

मित्रांनो, सिल्वासाजवळच्या नरोलीत चिमाबाईच्या अंगणात जिच्यावर नागलीचे पापड वाळतात, ती करकरणारी खाट म्हणजे मी. आज मला कुणी विचारत नाही, पण एके काळी मी कधी थंडच पडत नसे.

सुरंगी गावच्या सुताराने मला सागाची घडवली, काथ्याने विणली. तेव्हा नरोलीत कारखान्यांचे पेव फुटले होते. चिमाबाईने मला भाड्याच्या खोलीत टाकले. तिथे धुळ्याकडचे कारभारी आणि वाळू नावाचे दोन सोबती राहत. खोलीत एकच खाट मावायची. एक कामावर गेला की दुसरा पाळीवरून येऊन माझ्यावर आडवा होई. आठवड्याला पाळ्या बदलत. वाळूचे घोरणे म्हणजे पिठाची गिरणीच, पण मला ते फार आवडायचे.

एका उन्हाळ्यात वाळूची झोपच उडाली. "माले झोप येत नही, तू झोप," असे कारभारीला सांगून तो दुसरी पाळीही करू लागला. बोलणे थांबेना. शेजारच्या रांधा गावात दुकान काढायचे, लुना घ्यायची, बायकोला आणायचे. सुपरवायझरने पाठ थोपटली. कारभारीही खूश, कारण खाट आता दोन्ही वेळा त्याचीच. मला मात्र चैन पडेना. पण खाटेचे कोण ऐकतो?

पावसाळा सरता सरता वाळू माझ्यावर कोसळला तो उठेचना. भिंतीकडे तोंड, डोळे उघडे. रात्रंदिवस त्याचा भार होता, घोरणे मात्र नव्हते. लोक त्याला आळशी म्हणू लागले. कारभारी जमिनीवर निजे आणि चिडे. शेवटी चिमाबाईच कारभारीला म्हणाली, "तो झोपत नाय रे, नुसता पडून हाय. मी धाडलेलं जेवण पण तसंच परत येतं. दवाखान्यात ने त्याला."

सिल्वासाच्या डॉक्टरांनी सांगितले, की तेव्हाचा उत्साह आणि आताची उदासी ही एकाच आजाराची दोन टोके आहेत. मन बिघडले की झोप बिघडते, आणि झोप मोडली की मन आणखी ढळते. औषध चुकवायचे नाही, झोपायचे ते रोज रात्रीच. रात्रपाळी बंद.

वाळू गावी गेला. कारभारीने साहेबाकडून कायमची रात्रपाळी मागून घेतली. नवा सोबती विचारायला आला की "जागा भरेल शे," म्हणून त्याला परत पाठवी. रात्री मी रिकामी, वाळूची वाट पाहत राही.

होळीनंतर एका संध्याकाळी तो आला. वाळला होता. "मी कोठे झोपू?" त्याने हळूच विचारले.

"रातनी खाट तुनीच शे," कारभारी म्हणाला.

वाळू आडवा झाला. कारभारी डबा घेऊन दारातच थांबला. कारखान्याचा भोंगा वाजला तरी हलला नाही. वाळूची गिरणी सुरू झाली तेव्हा कारभारीने डोळे पुसले आणि कामाला पळाला.

मित्रांनो, घरात कुणाची झोप उडाली तर त्याच्या कष्टाचे कौतुक करत बसू नका. कुणी अंथरुणातून उठेना तर त्याला आळशी म्हणू नका. जवळ बसा, विचारा, डॉक्टरांकडे न्या.

ते दोघे केव्हाच आपापल्या घरी गेले. माझा काथ्या सैल झाला आहे. पापड बिचारे निमूट वाळतात, पण ते घोरत नाहीत.