उजव्या चाकावरचे पट्टे

रेवणसिद्धनं पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवं बसून विभूतीच्या पट्ट्यावर अंगठा घासला आणि अंगठा नाकाशी नेला. वास विभूतीचा नव्हता, तंबाखूचा होता.

पट्टे तीनच होते, आडवे, काळ्या रबरावर उठून दिसणारे. पण जाड होते. चंद्रव्वा दर सोमवारी या चाकाला विभूती लावायची तेव्हा तिच्या सडपातळ बोटांमधून रबराची काळी रेघ स्वच्छ राहायची. इथं एक पट्टा दुसऱ्यात मिसळला होता. हा हात तिचा नव्हता.

"ह्ये कुणी लावलं?"

मौलाली मागच्या चाकाचे नट आवळत होता. एजन्सीच्या सर्व्हिस शेडमधला तो सगळ्यात जुना फिटर. त्यानं मान वर केली.

"मी लावलं, मालक. गाडी धुताना तुमचं पट्टं गेलं. मोकळं चाक बरं दिसंना."

"इबूत कुटनं आनलीस?"

मौलालीनं खिशातली तंबाखूची डबी काढून दाखवली. "चुना हाय."

रेवणसिद्ध उठून उभा राहिला. देवाच्या पट्ट्याला तंबाखूच्या डबीतला चुना. पण त्याला त्याहून वेगळंच काही टोचत होतं. पुसलेली खूण जो आपल्या हातानं परत काढतो, त्याला काहीतरी झाकायचं असतं.

सकाळी त्यानं अँबॅसिडर इथं आणली ती ऑइल बदलायला आणि चाकं फिरवून घ्यायला. पुढची मागं, मागची पुढं, डिकीतली स्टेपनी खाली, म्हणजे पाचही टायर सारखे झिजतात. हे पाच टायर त्याला चार महिने नंबर लावून मिळाले होते. अक्कलकोट-दुधनीच्या रस्त्यावर टॅक्सी चालवणाऱ्याचा टायर गेला म्हणजे पायच गेला. निघताना स्टँडवरच्या ज्ञानबानं बजावलंही होतं, "तितं चांगला टायर आत जातोय आन झिजलेला भाईर येतोय. डोळ्यात तेल घालून बस."

तसा तो बसला होता. गिऱ्हाइकांच्या बाकावर, पापणी न हलवता. पण मधेच कागदावर अंगठा द्यायला त्याला ऑफिसात बोलावलं, आणि तिथला कारकून चहाला गेलेला. अर्धा तास मोडला. जे व्हायचं ते त्या अर्ध्या तासात झालं असणार.

त्यानंही मात्र आपला बंदोबस्त केलेला होता. टायर आले त्याच दिवशी त्यानं दाभण लाल करून प्रत्येकाच्या आतल्या अंगाला, जिथं कुणाची नजर जात नाही, ठिपके पाडले होते. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे पाचव्याला पाच. अक्षराशी त्याची ओळख नव्हती, पण ठिपके कुणाच्या बापाला बदलता येत नाहीत. चंद्रव्वालासुद्धा त्यानं हे सांगितलं नव्हतं.

त्यानं गोणपाट अंथरलं, वायरचा दिवा ओढून घेतला आणि गाडीखाली शिरला. डाव्या पुढच्या चाकाला चार ठिपके. मागं तीन आणि पाच. डिकीत एक. उजव्या पुढच्या चाकाला काहीच नाही. त्यानं गाडी अर्धं चाक पुढं ढकलायला लावली आणि पुन्हा पाहिलं. आतलं अंग कोरं होतं.

बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीला ऑइल लागलं होतं.

"दोन ठिपक्यांचा टायर कुटं हाय?"

"कसलं ठिपकं?" मौलाली म्हणाला. "मालक, त्या चाकात एक खि..."

"चाकाचं तू मला शिकवू नगंस. पंचवीस वर्सं गाडी हाकतोय मी. माजा टायर आन."

फोरमन वळसंगकर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आणखी दोन गिऱ्हाइकं बाकावरून माना लांब करून बघत होती. वळसंगकरांनी अर्धंच ऐकून घेतलं.

"तू चुना लावलास गाडीला?"

"लावला, सायेब. पन..."

"पाना ठेव. हात धू आणि घरी जा. बोलावल्याशिवाय यायचं नाही."

पाना फडक्यानं पुसून मौलालीनं खिळ्याला अडकवला. रॉकेलनं हात धुतले, नखांच्या कडा धुतल्या, मग पुन्हा हात धुतले. सायकल घेऊन गेला तेव्हा त्यानं रेवणसिद्धकडे पाहिलं नाही.

बघा, नजर वर करायचीही छाती न्हाय, रेवणसिद्धच्या मनात आलं.

वळसंगकरांनी स्टोअरमधून एक टायर आणवला. कागदात गुंडाळलेला, कोरा करकरीत.

"हा घ्या, रेवणप्पा. चाकावरचाही राहू द्या. तुमचा शोधत बसायला मला वेळ नाही. फक्त स्टँडवर बभ्रा नको."

इतक्या लवकर देतात म्हणजे पाप असणारच. गाडीत बसताना रेवणसिद्धचा संशय पक्का झाला. समोरच्या कप्प्यात एक वाकडा खिळा पडला होता, टांग्याच्या घोड्याच्या नालेचा. झाडलोट करायचीही अक्कल न्हाय या लोकांना, म्हणत त्यानं तो रक्षापात्रात टाकला.

बभ्रा नको म्हटलेलं स्टँडवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. ज्ञानबानं मांडीवर थाप मारली.

"तुला चुना लावाय गेला आन सोताच घरी बसला म्हन की."

सगळे हसले. रेवणसिद्धही हसला, जरा मागाहून.

सोमवारी सकाळी चंद्रव्वा विभूतीची गोळी आणि तांब्या घेऊन गाडीपाशी आली. दोन दिवसांच्या धुळीनं चुन्याचे पट्टे मळले होते. ओल्या फडक्यानं तिनं वरचा पट्टा पुसला आणि तिचं बोट थांबलं.

"आवं, हितं काय टोचलंय वो? दोन भोकं हायत."

रेवणसिद्ध उंबऱ्यात चहा पीत होता. त्यानं कपबशी खाली ठेवली.

दोन ठिपके. शेजारी शेजारी, त्याच्याच दाभणाचे. बाहेरच्या अंगाला, चुन्याच्या पट्ट्याखाली. परवा याच जागी त्यानं अंगठा घासला होता.

तो चाकापुढं उकिडवा बसला. मग त्यानं हात घालून टायरच्या कडा चाचपल्या. झिजकी कड आता आत गेली होती, भरलेली कड बाहेर आली होती. कुणीतरी टायर रिंगेवरून उतरवून, उलटा करून परत चढवला होता. नुसती चाकं फिरवायला टायर कुणी उतरवत नाही.

गाडीचं दार उघडून त्यानं रक्षापात्र उपसलं. नालेचा खिळा घेऊन तो परत चाकाशी आला. चाकाच्या नक्षीत बोटानं शोधत गेला तेव्हा एक बारीक भोक सापडलं. खिळ्याचं टोक त्यात अलगद बसलं.

पंक्चर काढणारा जाणता माणूस खिळा टाकून देत नाही, मालकाला दिसेल असा ठेवतो. हे रेवणसिद्धला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं गाडी हाकत होता तो.

चंद्रव्वा तांब्या घेऊन तशीच उभी होती. तिनं चाकाकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या कागदातल्या टायरकडे. त्याच्यावर तिनं शनिवारपासून धान्याचं सूप ठेवलं होतं.

"मग ह्यो सहावा कशाचा?"

त्यानं मान वळवून बाहेर पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. नव्या टायरवरचा कागद अजून फाटलेलाही नव्हता.

तिनं विभूती पाण्यात कालवली आणि तीन बोटं बुडवली.

"लावू की?"

"आज नगं," तो म्हणाला. "खालचं दोन पट्टं बी पुसू नगंस. ऱ्हाऊ दे तसंच."

तिनं बोटं पदराला पुसली. जवळ जाऊन टायरवरचं सूप उचलून घेतलं.

तो एजन्सीत पोचला तेव्हा शेड नुकतं उघडलं होतं. मौलालीचा पाना खिळ्याला तसाच अडकलेला होता आणि त्याच्या जॅकपाशी एक अनोळखी माणूस बाही दुमडत होता. रेवणसिद्धनं डिकीतून कागदातला टायर काढला आणि गडगडवत फोरमनच्या दारापर्यंत नेला.

वळसंगकरांनी सुस्कारा सोडला. "आता काय कमी आहे, रेवणप्पा?"

"कमी न्हाय. एक जास्त हाय."

त्यानं खिळा टेबलावर ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. वळसंगकरांनी मान वळवून आधी बाहेर कुणी ऐकतंय का पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"मिटलंय ना ते? ठेवून घ्या तुम्हीच. मी नवा माणूस घेतलाय."

रेवणसिद्धनं टायर दाराच्या चौकटीला टेकवला. मग तो गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसला, परवा बसला होता त्याच जागी.

"अहो, तुमची टॅक्सी? दुधनीचे पॅसेंजर खोळंबतील."

"खोळंबू द्या," तो म्हणाला. "मौलालीला सांगावा धाडा. त्यो येऊस्तवर मी हितंच हाय."

आणि त्यानं फाटकाकडे डोळे लावले, पापणी न हलवता.