घरचा वाफा

अभिमन आबांच्या शेतात दोन तऱ्हेची भाजी पिकायची. एक बाजारची, दुसरी घरची. यात आबांना वावगं काही वाटत नव्हतं, कारण नाल्याकाठच्या सगळ्याच शेतकऱ्यांची हीच रीत होती. शहरातून काळं पाणी घेऊन येणाऱ्या नाल्यावर इंजिन बसवायचं आणि त्या पाण्यावर बाजारचा पालक काढायचा. तो इतका गर्द हिरवा निघे, की धुळ्यातल्या बाया हात लावून बघत आणि दोन जुड्या जास्त घेत. घरासाठी मात्र गोठ्यामागे वेगळा वाफा. त्याला फक्त विहिरीचं पाणी.

त्या वाफ्यावर आबांचा जीव होता. दर उन्हाळ्यात नाला आटला, की तळाचा काळाभोर गाळ ते चार ट्रॉल्या भरून आणत आणि तिथे पसरत. बाजारच्या भाजीचं एवढं कौतुक कोण करतो?

रूपा सातव्या महिन्यात जळगावहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलं, तेव्हा आबा म्हणाले, "मन्ही पोर बाहेरनं एक पान खावाव नही." मग सकाळी पालक, संध्याकाळी पोकळा, मध्ये मेथी. रूपा ताट रिकामं करायची आणि आबा समोर बसून मोजल्यासारखे बघायचे.

त्याच दिवसांत आबांची भाची मयुरी आली. ती धुळ्याच्या देवपुरात एका प्रयोगशाळेत माती आणि भाजीपाला तपासायचं काम करते. तिला नाल्याच्या पाण्यावरचा पालक हवा होता. आबांनी दिला. वर घरच्या वाफ्यातलाही दिला.

"हाऊ बी ले. तुन्हा मशीनले कळू दे, चांगली भाजी काय चीज शे ते."

आठ दिवसांनी मयुरी कागद घेऊन आली. बाजारच्या पालकात शिसं मर्यादेपेक्षा थोडं जास्त होतं. घरच्या पालकात त्याच्या तिप्पट.

"पिशव्या बदलाई गयात," आबा शांतपणे म्हणाले. मशीनवर त्यांचा राग नव्हता. मशीनचं होतं असं कधी कधी.

मयुरी वाद घालत बसली नाही. या वेळी मातीच घेऊ म्हणाली. आबांनी दोन्ही वाफ्यांची माती स्वतः भरली, गाठी स्वतः मारल्या, पिशव्यांवर 'घर' आणि 'बाजार' स्वतः लिहिलं. निकाल तोच आला.

"मामा, या वाफ्यात काय टाकता?"

"काहीच नही. शेणखत, अन नालाना गाळ."

मयुरीने कागद घडी करून ठेवला. "वर शहराकडे नाल्याकाठी जुन्या बॅटऱ्या फोडतात, मामा. पाणी पुढे वाहून जातं, शिसं तळाला बसतं. ते बसलेलं तुम्ही ट्रॉलीने घरी आणलं."

रूपाने ताट बाजूला सरकवलं. दुसऱ्या दिवशी रूपा आणि तिची आई कमलबाई धुळ्याला जाऊन रूपाचं रक्त तपासून आल्या. रक्तात शिसं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, ते खाणं आजच बंद करा, महिन्याने पुन्हा तपासू.

घरी आल्यावर रूपा म्हणाली, "आबा, मी जळगावला जाते."

पहिलटकरीण पोर माहेरातून परत सासरी! गाव काय म्हणेल, हे आबांना कुणी सांगायला नको होतं.

"तठे काय खाशी?"

"सासूबाई बाजारातून आणतात ते."

"बजारनी भाजी?" आबा उसळले. "कोन कसं पानी देस, काही भरोसा शे का?"

कमलबाईंना इतकं हसू आलं, की पदर तोंडाला लावून त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. आपण काय बोललो, ते आबांना तेव्हा उमगलं.

"मी थांबेन," रूपा म्हणाली, "पण वाफा एकच. मी खाईन तीच भाजी बाजारात जाईल. नाहीतर गाडी बोलवा."

विहिरीच्या वरच्या अंगाला आबांचा बरड तुकडा होता. नाल्याचं पाणी तिथे चढत नसे आणि गाळ टाकावा इतकी त्याची लायकी कुणाला वाटली नव्हती. मयुरीने तिथली माती तपासली. चोख निघाली.

"मी पहिलेपासून हाईच म्हणी ऱ्हायंतू," आबा म्हणाले आणि नाल्यावरचं इंजिन काढून आणलं. जुने दोन्ही वाफे त्यांनी पावसाळ्यातल्या कपाशीसाठी मोकळे ठेवले. पालक येईपर्यंत रूपाने महिनाभर मूग आणि मटकी खाल्ली. नवा पालक बारीक आला, फिकट आला. धुळ्यातल्या बाया हात लावून पुढे जाऊ लागल्या. आबा प्रत्येकीला सांगत, "अक्का, रंग नका देखू, मन्ही पोर हाईच भाजी खास." निम्म्या परत येत.

महिन्याने रक्तातलं शिसं उतरलं. रूपा थांबली. पोरगी झाली, रडली ती गोठ्यापर्यंत ऐकू गेली.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा झिपरू ट्रॉली घेऊन दारात उभा. त्याची सून पाचव्या महिन्यात होती.

"आबा, औंदा तुम्ही गाळ नही उचलात. मी लई जाऊ का घरना वाफाले?"

कुणाला तरी काही शिकवायचं, तर आबा नेहमी दुसऱ्याच्या चुकीपासून सुरुवात करत. या वेळी त्यांनी खाट ओढली.

"ट्रॅक्टर बंद कर, झिपरू. बठ. रूपाले मी महिनाभर काय खावाडं, ते पहिले ऐक."