पोकळ फरशी

बेकरीच्या मालकिणीचा राग सकाळी उठल्यापासून पोळपाटाएवढा होता, आणि भावाची गाडी दारात थांबताना दिसली तेव्हा तो परातीएवढा झाला. परका माणूस माझं काम तपासायला आणतेस काय, असं तो आदल्या दिवशी फोनवर म्हणाला होता. मग आईचा फोन. सख्ख्या भावाचं नाक कापतेस, तुला काही वाटतं का, वगैरे. आईचं ऐकून घेऊन तिने सांगितलं की वाटतं, फार वाटतं, म्हणूनच बोलावलाय.

भाऊ फरश्या बसवायची कंत्राटं घ्यायचा. बेकरीतली फरशीही त्यानेच बसवली होती. वर्षही झालं नव्हतं, तोच भट्टीसमोरच्या टाइल्स वर आल्या, आणि पावांची ट्रॉली अडकून कलंडली. भाऊ बघायला आला, वाकला, नखाने जोड खरवडला आणि म्हणाला, ॲसिड ओतलंय. धुणारी कोण? मावशी. नऊ वर्षं तिथे झाडलोट करणारी मावशी 'मी नाही हो' म्हणत राहिली, आणि मालकिणीने सगळ्या कामगारांसमोर तिला कामचुकार म्हणून घरी पाठवलं.

त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी कोठीतल्या टाइल्स वर आल्या. कोठीत मैद्याची पोती. तिथे पाण्याचा थेंब कुणी नेत नाही, नुसता झाडू फिरतो. मालकीण त्या वर आलेल्या टाइलकडे बघत उभी राहिली, आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं. त्याच दुपारी तिने फरशी तपासणारा शोधला.

त्या सकाळी आलेला तपासनीस बारीक अंगाचा, अबोल माणूस. गुडघ्यांना गाद्या बांधून तो रांगायलाच लागला. हातात टोकाला गोळी असलेली स्टीलची काठी. ती टाइलवरून फिरवायची, कान द्यायचा, पोकळ वाजली की खडूने फुली.

"डॉक्टर, नाडी लागते का?" भाऊ म्हणाला. कामगार हसले. तपासनीस हसला नाही. त्याने आणखी एक फुली मारली.

तासाभरात अर्धी बेकरी फुल्यांनी भरली. मग त्याने कोठीतली सुटलेली टाइल अलगद काढून पालथी धरली. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे सिमेंटच्या मसाल्याचे पाच गोळे. बाकी पाठ कोरी करकरीत. भिंतीकडेलाही बोटभर फट सोडलेली नाही, त्याने दाखवलं. भिंतीपलीकडे भट्टी. टाइल तापून फुगते, सरकायला जागा नाही, मग ती वर उठते.

"आणि ॲसिड?" मालकिणीने विचारलं.

"ॲसिडने वरचा जोड खराब होतो, बाई. खाली न घातलेला मसाला ते कसं खाईल?"

भाऊ लाल झाला. सगळेच असं लावतात, आणि आठ दिवसांत उरक म्हणून माझ्या मानेवर तूच बसली होतीस, असं तो म्हणाला. ते खरं होतं. बसली होती. पण पोकळ ठेव असं नव्हती म्हणाली. मग त्याने शेवटचं अस्त्र काढलं.

"एका झाडूवालीसाठी तू मला उघडं पाडलंस."

"तू तिला पाडलंस," ती म्हणाली, "आणि मी धक्का दिला." तो पाय आपटत निघून गेला.

तपासनिसाचा अहवाल हातात आल्याबरोबर ती मावशीच्या घरी गेली. दोन जिने चढून धापा टाकत तिने सगळं सांगितलं. मावशी दारातच उभी. आत या म्हणाली नाही. कागदाकडे बघितलंही नाही.

"पहिल्याच महिन्यात मी सांगितलं होतं," मावशी म्हणाली. "पोछ्याचा दांडा टेकला की आतून पोकळ वाजतं. तुम्ही म्हणालात, मावशी, फरशी पुसा, परीक्षा नका घेऊ. सगळे हसले. तुम्हीपण."

मालकिणीला ते आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. इतके दिवस भावावर, आईवर, टाइल्सवर फिरत असलेला तिचा राग आता कुठे बरोबर पत्त्यावर पोचला.

"चुकले मी, मावशी. उद्यापासून या."

"इथे दारात चुकलात, ते मी एकटीने ऐकलं. मला बोललात ते सगळ्यांसमोर."

"मग सगळ्यांसमोर म्हणते. उद्या आठला."

"सातला. आठला गिऱ्हाईक येतं, मग तुम्हाला घाई होते." मावशीने दाराला हात लावला. "आणि तुमचा भाऊ पाहिजे तिथे. तो नसेल तर मी पायरी चढणार नाही."

दार लागलं. जिना उतरता उतरता तिने भावाला फोन लावला. त्याने कापला. तिने परत लावला.