विलायतेहून परत आलेले खुळखुळे

आमच्या मालकांचा हात लई चांगला, हे मी त्यांची बायको म्हणून सांगत न्हाय. लाकूड कातून केलेला असला तांबडालाल, गुळगुळीत खुळखुळा सोलापुरात दुसऱ्या कुणाकडं मिळत नव्हता. रंगाच्या लाखेत शेंदूर घोटायची आमच्या घरची रीत. शनवारी शेंदूर आणायचा, मारुतीच्या पायाला लावायचा, मग लाखेत. पोराला दृष्ट लागत न्हाय आन् रंगबी उडत न्हाय. शेंदूर खाल्ला की आवाज बसतो, एवढं आमालाबी ठावं होतं की! पण लाखेत मुरलेला, वरनं देवाच्या पायाचा, तो काय करणार?

अठ्ठ्याहत्तर साली, आमचा माल बाहेरगावी खपवणाऱ्या शिवशरण अण्णांनी मुंबईच्या व्यापाऱ्याची ऑर्डर आणली. सहाशे खुळखुळे, थेट विलायतेला. मालकांनी गल्लीत पेढे वाटले. आन् मार्गशीर्षात तीच खोकी हातगाडीवरनं परत दारात.

अण्णांनी सोबतचा कागद वाचून दाखवला. तिकडं कायदा हाय म्हणे, लेकराच्या वस्तूच्या रंगात शिसं चालत न्हाय. आपल्या शेंदरात शिसंच शिसं. पोर चोखतं, शिसं पोटात जातं, डोकं मंद होतं, बोलणं उशिरा येतं.

मी भीमीकडं बघितलं. आमची एकुलती लेक. चार वर्षं सरली तरी अजून 'आई' म्हणाली नव्हती. दात यायला लागल्यापासून खुळखुळा तिच्या तोंडातच. रडली की मीच हातात द्यायची. जळला मेला माझा हात!

"अण्णा, चोखायचं थांबवलं तर पोर बोलतंय का?"

अण्णांनी कागद उलटून बघितला. "ते काय लिहिलं न्हाय, वैनी."

मालक भडकले. "मारुतीचा शेंदूर इख व्हय? डोकं फिरलंय गोऱ्यांचं!"

"धोंडीराम, हितं कुटं असला कायदा हाय? संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत मांड, हातोहात खपतील," अण्णा म्हणाले आन् चहा पिऊन गेले.

तीन दिवस मी भांडले. म्हणलं, रंग खरवडून काढा, कोरं लाकूड विका. न्हायतर पुरून टाका. पण दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात घालू नका. तिसऱ्या दिवशी मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "न इकता पुरले, तर त्याचा अर्थ काय व्हतोय, कळतंय का तुला?"

कळलं. खुळखुळे वाईट ठरले, तर आपल्या पोरीचं वाटोळं त्यांनी आपल्याच हातानं केलं असं ठरणार होतं. त्या माणसाची मला कीव आली, रागबी तेवढाच आला. मनात ठरवलं, जत्रेत बसायचं आन् कडेवर पोर असलेल्या एकेक बाईला तोंडावर सांगायचं.

जत्रेत मालकांनी भीमीला नवा परकर नेसवून खुळखुळ्यांच्या ढिगाशेजारी बसवलं. पहिलीच बाई आली ती मंद्रूपची, कडेवर सहा-सात महिन्यांचं लेकरू. मी लगेच म्हणलं, "बाई, तोंडात देऊ नका हं. रंग चांगला न्हाय."

मालक हसले. "हिचं काय ऐकता! ही बघा माझी सोताची लेक. ह्याच्यावरच वाढली."

बाईनं भीमीकडं निरखून बघितलं. शेजारी पाळणा करकरत होता, पिपाण्या वाजत होत्या, पोरं मिठाईसाठी लोळण घेत होती. भीमी बसवलेल्या जागी तशीच बसून होती. तिनं काही मागितलं न्हाय, कुणाकडं वळून बघितलं न्हाय.

"अगं बया, किती शांत पोर ही!" बाई म्हणाली. "आमचं बघा, दिवसभर नुसती किरकिर. द्या दोन."

आता बोलायचं म्हणजे, माझी लेक शांत न्हाय, तिचं डोकंच चालत न्हाय, असं भर जत्रेत सांगायला लागलं असतं. तेबी तिच्यासमोर, तिच्या बापासमोर. मला न्हाय सांगवलं. मी दोन खुळखुळे वाजवून बघितले आन् त्या बाईच्या हातात दिले.

दिवेलागणीपर्यंत मी एकालाबी अडवलं न्हाय.