आमची भाषा लांबट आहे, सर

बहारीनमध्ये रत्नागिरीकडच्या माणसाचं काही अडलं, की तो कमाल परकारांकडे जाई. परकार एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क होते, पण त्यांचं नाव होतं ते दुभाषी म्हणून. लेबर ऑफिस, पोलीस ठाणं, इस्पितळ, कुठेही ते आपल्या माणसाशेजारी उभे राहत आणि त्याचं बोलणं साहेबाला पचेल इतपत मऊ करून पुढे सरकवत. कोणी तावातावाने म्हणाला, "फोरमन चोर आहे," तर परकारांच्या इंग्रजीत त्याचं "थोडा गैरसमज झालेला दिसतो" होऊन जाई. त्यामुळे कोणाचा व्हिसा वाचला, कोणाची रजा मंजूर झाली. परकारांच्या जमेच्या बाजूला इतकी नावं होती, की खर्चाची बाजू उघडून बघावी असं त्यांना कधी वाटलंच नाही.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात शिवदास पाष्टेचं प्रकरण आलं. हा गुहागरकडचा एसी मेकॅनिक. समुद्राकाठच्या एका रडार स्टेशनात तो भर दुपारी फिल्टर बदलत होता, तेव्हा पडद्यावर एक ठिपका येऊन थांबला. ऑपरेटर एकमेकांची तोंडं बघू लागले. शिवदास गच्चीवर गेला आणि त्याने ते डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबाने सगळ्यांना अरबीत बजावलं, "मफी. काही झालेलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवदासने मात्र एका वार्ताहराला सांगून टाकलं आणि ते छापून आलं.

मेसमध्ये त्याचं नाव तबकडीवाला पडलं. "शिवा, आज तुझी तबकडी जेवायला नाय थांबली?" म्हणून पोरं त्याला छळत. बातमी गावापर्यंत पोचली तशी बायकोने, काशीबाईने, फोनवर एकच विचारलं होतं, "उन्हात काम करताना डोक्याला काय बांधता की नाय?" तेव्हापासून शिवदासला एकच ध्यास लागला होता. कोणीतरी मोठ्या माणसाने आपलं सगळं ऐकून घ्यावं आणि जसंच्या तसं लिहून ठेवावं.

तसं बोलावणं आलंही. एका सरकारी कचेरीने बंद खोलीत साक्ष ठेवली. साक्ष गुप्त राहणार होती, आणि दुभाष्यानेही आतलं अक्षर बाहेर न काढण्याबद्दल सही करायची होती. दुभाषी अर्थात परकार.

"तो सांगेल तसंच सांगा हो," घरून निघताना परकारांची बायको आमिना म्हणाली. "तुम्हाला सवय आहे साखर घालायची."

"साखरेनं आजवर कोणाचं बिघडलंय?" परकार बूट चढवत म्हणाले.

खोलीत महमूद नावाचे अधिकारी होते. मोडकंतोडकं हिंदी शिवदासला येत होतं, पण ते महमूदांनी चालू दिलं नाही. "त्याला घरच्या भाषेत बोलू दे," ते इंग्रजीत म्हणाले. "मला सगळं हवंय."

शिवदासने चप्पल दाराशी काढली होती. देवळात उभं राहावं तसा तो उभा राहिला आणि बोलू लागला. "कमालभाई, साहेबांना सांगा, सित्रा बेटाच्या बाजूला पाण्यावर ते उभं होतं. काथवटीसारखं, पण आमच्या खळ्यापेक्षा मोठं. राखेच्या रंगाचं. आवाज नाय, धूर नाय. रिफायनरीची ज्योत पलीकडे वेगळी दिसत होती, ती मी रोज बघतो. माझ्या पायाशी कंडेन्सर चालू होते, ते सगळे आपोआप गप्प झाले. मग ते सरळ वर गेलं, आणि कंडेन्सर पुन्हा सुरू झाले. मी भ्यालो नाय. मला उलट वाटलं, आपल्याला कोणीतरी बघून गेलं."

परकारांनी मनात हिशेब केला. हे असंच्या असं सांगितलं तर पोरगा वेडा ठरणार, किंवा त्याहून वाईट. संध्याकाळच्या विमानात बसवतील. त्यांनी घसा खाकरला आणि नेहमीचं काम केलं. "तो म्हणतो, त्याने उजेड पाहिला. ऊन फार होतं. कदाचित रिफायनरीची ज्योत असेल. चूक झाली असल्यास माफी मागतो."

महमूदांनी मान वर केली. "एवढंच? तो तर बराच वेळ बोलत होता."

"आमची भाषा लांबट आहे, सर."

शिवदास दोघांकडे आशेने बघत होता. महमूदांनी पेन खाली ठेवलं आणि परकारांना दाराबाहेर घेतलं.

"मिस्टर परकार, ऑपरेटर आधी माझ्याकडे बोलले आणि मग घाबरून फिरले. न फिरणारा एक माणूस मला हवा होता. हा टिकला असता तर साक्षीदार म्हणून मी त्याला इथेच ठेवून घेतलं असतं, कोणी हात लावू शकलं नसतं. आता तोच म्हणतोय ज्योत होती. म्हणजे पेपरात अफवा पसरवली. मला व्हिसा रद्द करावा लागेल." त्यांनी आत बोट दाखवलं. "त्याला आणखी काही सांगायचंय का? नक्की विचारा."

दार उघडंच होतं. चार पावलं आत जाऊन "सर, मी चुकीचं सांगितलं" एवढंच म्हणायचं होतं. परकारांना ईसा टाउनच्या शाळेत शिकणारी आपली मुलगी अरीबा आठवली, या कचेरीत सही केलेलं आपलं नाव आठवलं, आणि जमेच्या बाजूची ती सगळी माणसं आठवली, ज्यांची बोलणी उद्या कोणीतरी उकरून तपासली असती.

"खलास?" महमूदांनी विचारलं.

"खलास, सर."

आठवड्याभरात शिवदास निघाला. विमानतळावर परकार पोचवायला आले. दोरीने बांधलेल्या खोक्यावर शिवदासने रंगाने गावाचं नाव लिहिलं होतं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, उलट थोडा आनंदच होता.

"नोकरी गेली ती गेली," तो म्हणाला. "पण सगळं सांगून झालं ना. साहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं, बघितलंत? काशीला सांगणार मी, सरकारात नोंद आहे." मग जरा लाजून म्हणाला, "कमालभाई, ते इंग्रजीत कसं लागतं ओ? तेव्हा माझं ध्यान साहेबांच्या तोंडाकडे होतं. एकदा बोलून दाखवा ना."

परकारांनी आजूबाजूला पाहिलं. आतलं अक्षर बाहेर काढणार नाही म्हणून त्यांनी सही केली होती. तरी ते बोलू लागले. काथवट, खळं, राखेचा रंग, पलीकडे वेगळी दिसणारी ज्योत, गप्प झालेले कंडेन्सर, काही म्हणजे काही गाळलं नाही. खळ्याला इंग्रजी शब्द सापडेना तर त्यांनी थांबून तो शोधला. शेवटचं वाक्य, कोणीतरी बघून गेल्याचं, त्यांनी दोनदा म्हटलं.

शिवदास मान तिरपी करून ऐकत होता. शब्द कळत नव्हते, पण माप कळत होतं.

"लांबलं की ओ," तो सावकाश म्हणाला. "हापिसात एवढं लांब नव्हतं."

परकार खोक्यावरच्या दोरीकडे बघत राहिले. कंपनीच्या माणसाने "यल्ला, यल्ला" करत घाई केली, तेव्हा शिवदासने खोकं उचललं.

"आमिनाभाभींना सलाम सांगा," तो म्हणाला. "जातो."

निघताना आपली माणसं "येतो" म्हणतात. लेबर ऑफिसातून, इस्पितळातून, याच विमानतळावरून आजवर परकारांना सगळे "येतो" म्हणूनच गेले होते.